माशांच्या खोलीतली लादी : मॅट व्हिट्रिफाइड आणि इपॉक्सी ग्राउट, दोन पावसाळ्यांनंतर

मागच्या पडवीला भिंत घालून आम्ही तिची माशांची, म्हणजे पाळलेल्या माशांचे टँक ठेवायची, खोली केली त्याला आता दोन पावसाळे झाले, आणि लादी कुठली घातलीत, कुठून घेतलीत, ओली झाली की पाय सरकत नाही का असं विचारणारे इतके जण झालेत की एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही घेतल्या २ बाय २ फुटांच्या मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स, आरपार एकाच रंगाच्या, मध्यम राखाडी, आणि सांध्यात इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं भरण. दुकान रत्नागिरीतलं, शहरातून हायवेकडे जाताना लागतं त्यातलं एक. टाइल्सना पाचपैकी साडेचार देते, ग्राउटला पूर्ण पाच, दुकानाला चार आणि लावण्याच्या कामाला तीन, तेही अर्धं काम उखडून परत करून दिलं म्हणून.

मुलाला माशांचं वेड लागलं झाडगावच्या मत्स्यालयात. कोकण कृषी विद्यापीठाचं आहे ते, तिथे देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे, बाकीची मुलं त्याच्याकडे धावली आणि हा टँकच्या काचेला नाक लावून उभा. घरी आल्यावर गप्पी, मग एंजल, मग गोल्डफिश असं करत करत आता चार फुटी एक, तीन फुटी दोन आणि पिल्लांचे छोटे पाच टँक आहेत.

आधी हे सगळं माजघराशेजारच्या खोलीत होतं आणि तिथे लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट घातलेलं होतं. जुलैतली रात्र, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेली. चार फुटी टँकच्या खाली संप आहे, म्हणजे पाणी गाळून पंपानं परत वर पाठवणारी दुसरी टाकी, लाइट गेली की पंप बंद पडतो आणि पाणी वर नेणाऱ्या त्याच पाइपमधून टँकमधलं पाणी उलटं खाली यायला लागतं, पाइपचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडेपर्यंत येतच राहतं, आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते जमिनीवरच जाणार. त्या संध्याकाळी मी संप वरपर्यंत भरला होता. सकाळी दार उघडलं तर पायाखाली चप् चप्. तीस-चाळीस लिटर तरी गेलं असेल. पुसून घेतलं, पंखा लावला, वाटलं वाचलो. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या आणि अनवाणी पायाला टोचायला लागल्या, आठवड्यानं एक पट्टी काढून बघितली तर खालचा फोम ओलाचिंब आणि त्यावर काळी बुरशी. लॅमिनेट म्हणजे आत दाबलेला लाकडाचा भुसाच, तो एकदा फुगला की परत बसत नाही. पाइपचा प्रश्न नंतर सुटला, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला बारीक भोक पाडलं की तिथून हवा शिरते आणि उलटं येणं थांबतं, फक्त ते भोक शेवाळानं बुजत नाही ना हे बघत राहायचं. पण त्या दिवसापासून डोक्यात एवढंच बसलं की माशांच्या खोलीत पाणी सांडणारच, तेव्हा सांडल्यावर ते कुठे जाणार हे आधी ठरवायचं आणि टाइल नंतर बघायची.

सासरे म्हणाले, "अगं, सरळ लाल कोबा घाल. जुन्या घरात माझ्या लहानपणी घातलेला अजून तसाच आहे." अण्णांचं म्हणणं खोटं नाही, तो कोबा अजूनही आरशासारखा आहे. पण तो घोटून गुळगुळीत केलेला असतो, ओल्या पायानं त्यावरून बादली घेऊन चालायचं म्हणजे कंबर मोडायची भीती, आणि एकदा तडा गेला की वरून ठिगळ कितीही रंग जुळवून लावलं तरी दिसतंच, शिवाय तसा घोटणारा माणूस आता शोधून मिळत नाही. अण्णांना हे सगळं समजावून सांगितलं, मग त्यांनीच ढाळाचं काम उन्हात बसून करून घेतलं, ते पुढे येईल.

मग इपॉक्सी फ्लोअरिंग, म्हणजे कारखान्यात असतं तसं ओतून केलेलं, एकही सांधा नाही. ऐकायला हेच सगळ्यात भारी. पण आमचं घर चिऱ्याचं, जमीन जांभ्यावरची, पावसाळ्यात खालून ओल येते. एका जाणकारानं करून बघायला सांगितलं होतं ते केलं, दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवला. ऑक्टोबर होता, वरून जमीन कोरडी ठणठणीत दिसत होती. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंबच थेंब. एवढी वाफ खालून येत असेल तर वरचा इपॉक्सीचा थर फुगे धरून सुटणार, तेव्हा ते बाद. वरच्या मजल्यावर, कोरड्या स्लॅबवर ज्यांची खोली आहे त्यांनी मात्र जरूर विचार करावा, तिथे ते चांगलं आहे.

हल्ली एसपीसी म्हणून दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या, क्लिक करून बसवायच्या पट्ट्या येतात, विकणारे त्याला वॉटरप्रूफ म्हणतात, आणि पट्टी स्वतः खरंच फुगत नाही. पण पाणी सांध्यातून आणि भिंतीकडच्या फटीतून खाली उतरतं आणि खाली गेलेलं पाणी आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत सुकणार कसं? वर ती लादी सैल, तरंगती असते, तिला थंडी-उन्हात हलायला जागा लागते आणि एका बाजूला साडेतीनशे किलोचा टँक ठेवला तर तिथे ती दाबून धरली जाते आणि सांधे दुसरीकडे उघडतात. कोटा आणि कडप्पा स्वस्त पडतात, टिकतातही, पण तो चुन्याच्या जातीचा दगड. टँकच्या काचेवरचे पांढरे डाग आम्ही व्हिनेगरनं काढतो, लिंबूही चालतं, आणि ते कोट्यावर सांडलं की तिथली झळाळी गेलीच. मार्बलचं तेच.

तर आलो व्हिट्रिफाइडवर. दुकानात जाताना मी पाण्याची बाटली घेऊन गेले होते. तिथला मुलगा आधी चकचकीतच दाखवत होता, "ताई, हे बघा, एकदम मिरर." म्हटलं मिरर नको, मॅट दाखवा, आणि एक टाइल खाली जमिनीवर ठेवा. त्यावर पाणी ओतलं, चप्पल काढली आणि ओल्या पायानं घासून बघितलं. एकेक करून सात-आठ टाइल्स झाल्या, त्यानं कुरकुर न करता प्रत्येक वेळी पुसून पुढची मांडली, चारातले तीन तारे त्या मुलाचे आहेत. घसरण्याचा एक नंबर असतो, आर-९ पासून आर-१३ पर्यंत, जितका मोठा तितकी पकड जास्त, कॅटलॉगमध्ये बघून मिळतो. आर-९ ओल्या खोलीला कमी. आर-११ च्या पुढची इतकी खरखरीत की पोछ्याचे धागे अडकतात आणि खरखरीत खळग्यात माशांची घाण, शेवाळ धरतं. आम्ही आर-१० घेतली. पार्किंगच्या जाड टाइल्सही बघितल्या, वजनाला एक नंबर, पण त्यावरच्या नक्षीच्या खोबणी रोज कोण ब्रशनं घासणार.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात आवडली. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकायचा. साध्या सिरॅमिकच्या पाठीवर तो बघता बघता आत शोषला गेला आणि ओला गोल डाग पडला. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर थेंब तसाच फुगून बसला, पाच मिनिटांनी बोटानं पुसला तर खाली कोरडं. व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी पितं, भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स १० टक्क्यांच्या वर पितात, आणि दुकानात दोन्ही वरून सारख्याच दिसतात.

एक टाइल नमुना म्हणून घरी आणली, आठ दिवस ठेवून घेऊ दिली त्यांनी. तिच्यावर व्हिनेगर टाकलं, टँकमध्ये घालतो त्या बदामाच्या पानांचं तपकिरी पाणी टाकलं, आणि मिथिलीन ब्लू टाकलं. मासे पाळणाऱ्याला हे निळं औषध सांगायला नको, एक थेंब बोटाला लागला तर दोन दिवस जात नाही. तासाभरानं पुसलं तर तिन्ही डाग साफ. मिथिलीन ब्लू दुसऱ्यांदा रात्रभर ठेवलं तर निळसर सावली राहिली, ती ब्लीचनं गेली, पण ब्लीच टँकजवळ नेऊ नका, क्लोरीननं मासे मरतात, बादल्या आणि पोछासुद्धा वेगळा ठेवा. मग दोन जुन्या टाइल्स जोडून मध्ये व्हाइट सिमेंट भरलं, सुकू दिलं आणि त्यावर तोच एक थेंब टाकला. रेघेतून निळी शाई पळत गेली, इंचभर तरी, आणि ती आजतागायत तशीच आहे, तो तुकडा मी जपून ठेवलाय आणि येणाऱ्याला आधी तोच दाखवते. कारण सगळे टाइलचा दर, टाइलचा रंग विचारतात आणि सांध्यात काय भरणार हे मिस्त्रीवर सोडून देतात.

आता ढाळ. माशांच्या खोलीत एक पंचाईत असते जी न्हाणीघरात नसते. पाणी वाहून जायला ढाळ पाहिजे आणि टँक मात्र लेव्हलमध्येच पाहिजे. नेहमीचा ढाळ शंभराला एक धरला तरी चार फुटी टँकच्या एका टोकाला दुसऱ्यापेक्षा १२ मिलिमीटर फरक पडतो, पाणी एका बाजूला चढलेलं दिसतं ते वेगळंच, पण काचेच्या सांध्यांवर ताण येतो ते धोक्याचं. म्हणून १२ फुटांच्या लांब भिंतीला लागून अडीच फूट रुंद पट्टा अगदी सपाट ठेवला, सगळे स्टँड तिथेच, आणि त्यापुढची साडेसात फूट जमीन एकाच दिशेनं समोरच्या भिंतीकडे उतरती, एकूण उतार इंचाला थोडा कमी. खाली भिंतीलगत लांब जाळीची चॅनल आणि तिच्या टोकाला नहाणी ट्रॅप. चारी बाजूंनी मध्यभागी ढाळ दिला असता तर २ बाय २ च्या टाइल्स तिरक्या कापाव्या लागल्या असत्या आणि सांधे दुप्पट झाले असते, एका दिशेच्या ढाळात टाइल अख्खी बसते. अण्णा लेव्हल पाइप धरून दिवसभर बसले होते, मिस्त्री म्हणाले, "नाय ओ अण्णा, एवढं कोण बघतंय," तर अण्णा म्हणाले, "पाणी बघतंय."

माजघराच्या दारात कडप्प्याचा इंचभर उंच उंबरा ठेवला आणि भिंतींना चार इंचांचं स्कर्टिंग त्याच टाइलचं. चॅनलचं पाणी परसात केळी आणि अळवाला जातं, टँकच्या पाण्यावर अळू काय माजलंय म्हणून सांगू. औषध घातलेलं पाणी मात्र त्यात सोडत नाही, ते बादलीनं वेगळ्या शोषखड्ड्यात, कारण अळू आपण खातो. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावाच, पहिल्याच पावसात आमच्याकडे चॅनलमधून खेकडा वर आला होता.

आता तक्रारी. पहिली दुकानाची. दहा बॉक्स मागवले होते, एका बॉक्सात चार टाइल्स, साधारण साडेपंधरा चौरस फूट, खोली १२० फूट, स्कर्टिंग आणि मोडतोड धरून. त्यातल्या दोन बॉक्सचा शेड वेगळा निघाला. बॉक्सवर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो, टेम्पो उतरवतानाच बघायला हवा होता, आम्ही बघितला तो टाइल्स लावायला काढल्या तेव्हा. बदलून दिले, टेम्पोचं भाडंही घेतलं नाही, पण आठ दिवस घेतले आणि मे महिन्यातले आठ दिवस म्हणजे आमच्याकडे सोनं, पाऊस डोक्यावर आलेला असतो.

दुसरी मोठी. मिस्त्रींनी टाइलच्या मागे अॅडहेसिव्हचे, म्हणजे टाइल चिकटवायच्या मसाल्याचे, पाच गोळे ठेवून टाइल दाबून बसवायला सुरुवात केली, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. काम पटापट होतं, वरून सुंदर दिसतं, आणि आत मधला सगळा भाग पोकळ. मी दोन रुपयांचं नाणं घेऊन प्रत्येक टाइल ठोकत गेले. भरीव असेल तिथे टक् टक्, पोकळ असेल तिथे डब डब, लहान मुलालाही कळेल इतका फरक. आता हिशोब बघा, चार फूट बाय दीड बाय दीडचा टँक म्हणजे २५५ लिटर, पाण्याचंच २५५ किलो झालं, वर काच, वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरून साडेतीनशेच्या आसपास जातं आणि हे सगळं चार पायांवर, म्हणजे एका पायाखाली नव्वद किलोच्या आसपास, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर. तो पाय नेमका पोकळीवर आला तर टाइल तडकणार, आज नाहीतर सहा महिन्यांनी, आणि तेव्हा टँक रिकामा करून काढायचा कसा. मी काम थांबवलं. थोडी वादावादी झाली, पण सपाट पट्ट्यातल्या सगळ्या टाइल्स काढून दातेरी पत्र्यानं अख्ख्या जमिनीवर आणि टाइलच्या पाठीवरही अॅडहेसिव्ह ओढून परत बसवल्या. ढाळातल्या तीन अजून डब डब वाजतात, तिथे काही जड ठेवत नाही. स्टँडच्या प्रत्येक पायाखाली ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्यावर रबर आहे, वजन पसरतं आणि लोखंडाचा गंज टाइलवर उतरत नाही, आमच्याकडच्या खाऱ्या हवेत स्टँड रंगवलेला असला तरी गंजतोच.

इपॉक्सी ग्राउट एकेक किलोचे तीन संच घेतले. मोठा डबा एकदम कालवू नका, मे महिन्याच्या उकाड्यात ते भराभर घट्ट होतं आणि अर्धं फेकावं लागतं. सकाळी सातला सुरुवात केली आणि ऊन चढायच्या आत एक भाग उरकला, असे तीन दिवस. भरलं की लगेच ओल्या स्पंजनं पुसत यायचं, मॅट टाइलच्या कणात ते बसलं की निघत नाही. आमच्या दाराजवळच्या तीन टाइल्सवर पुसायला उशीर झाला, तिथे धुरकट, चिकट दिसणारा पापुद्रा राहिलाय तो राहिलाच, टाइल्सचा अर्धा तारा तिथेच कापला. वास असतो, म्हणून टँक सात दिवस आत नेले नाहीत, तोवर सगळे मासे ओटीवर निळ्या पिंपांत एअर पंप लावून होते.

दोन पावसाळे झाले. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलते, सायफनचा पाइप हातातून निसटतो, बादली लवंडते, गेल्या ऑगस्टमध्ये कॅनिस्टर फिल्टरचा, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या डब्यासारख्या फिल्टरचा, पाइप निसटून रात्रभर पाणी गेलं, सकाळी बघितलं तर जमीन ओलसर, चॅनलमध्ये वाळूचे चार कण आणि माजघर कोरडं. मी अर्धा तास त्या उंबऱ्यावर बसून राहिले होते, लॅमिनेटवाल्या सकाळची आठवण येऊन. सांधे आजही लावले त्या दिवशीच्या रंगाचे आहेत, ना काळे ना हिरवे. बाजूच्या न्हाणीघरात त्याच महिन्यात सिमेंट ग्राउट भरलं होतं, ते कोपऱ्यात काळं पडलंय. मध्यम राखाडी रंगाचा एक फायदा नंतर कळला, वाळलेल्या थेंबांचे पांढरे ठिपके दिसत नाहीत, काळ्या टाइलवर ते उठून दिसतात, आणि उडी मारून बाहेर पडलेला मासा लगेच दिसतो. ठिपक्यांची ग्रॅनाइट डिझाइन घेतली असती तर गप्पीचं पिल्लू सापडलंच नसतं.

टाइल्स ५२ रुपये फुटानं पडल्या, दहा बॉक्सचे आठ हजारांच्या आसपास. ग्राउट सिमेंटच्या कितीतरी पट महाग पडतं, पण एवढ्या खोलीत दीड हजाराचाच फरक होता, तिथे काटकसर करू नका. आणि ओली जमीन म्हटली की विजेचं बघा, या खोलीला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, घेतलाय, बोर्ड चार फुटांवर, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली एकदा लोंबती सोडून मग वर नेलीय, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी खालीच ठिबकतं.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक, घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून डिझाइन करतात. तीन फुटी टँक भिंतीला लागून ठेवलात तर चिंता नाही, पण सहा बाय दोन बाय दोन फुटांचा घ्यायचा असेल तर नुसतं पाणीच पावणेसातशे किलोच्या वर जातं, आधी इंजिनिअरला विचारा आणि मग टाइलच्या दुकानात जा.

उरलेल्या पाच टाइल्स कॉटखाली ठेवल्यात, बॉक्सवरचा बॅच नंबर कापून त्यालाच चिकटवलाय. दुकानात जाणार असाल तर सकाळी जा, संध्याकाळी तिथे ठेकेदारांची गर्दी असते आणि कोणी टाइल जमिनीवर मांडून पाणी ओतू देणार नाही.